दानीएल ते आर. डॅनील

प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यातील सोमवारी सकाळच्या मिस्सेला मोजकीच माणसे असतात, आणि त्या दिवशीचे पहिले वाचन मात्र चांगलेच लांबलचक असते. दानीएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातील सुसान्नेची ती कथा. बागेत स्नानासाठी आलेल्या या साध्वीवर दोन वयोवृद्ध न्यायाधीशांची पापी नजर जाते. ती वश होत नाही असे पाहून ते तिच्यावरच व्यभिचाराचा आळ घेतात. म्हाताऱ्या, प्रतिष्ठित माणसांची साक्ष. लोकांना ती पटते आणि सुसान्नेला देहान्ताची शिक्षा सुनावली जाते. तेवढ्यात दानीएल नावाचा एक तरुण पुढे होतो. तो त्या दोघांना एकमेकांपासून दूर उभे करतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: तू तिला कोणत्या झाडाखाली पाहिलेस? एक जण एक झाड सांगतो, दुसरा दुसरेच. खटला तिथेच संपतो.

या वाचनानंतर शुभवर्तमान येते ते संत योहानाच्या आठव्या अध्यायातील. (उपासनेच्या ‘क’ वर्षी ते आदल्या दिवशी, रविवारीच वाचून झालेले असते.) व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला प्रभू येशूपुढे आणून उभे केले जाते. तिच्याविरुद्धचा पुरावा पक्का आहे, कायदाही स्पष्ट आहे. प्रभू पुरावा तपासत नाही आणि कायदाही खोडून काढीत नाही. तो खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहू लागतो. पुढे काय झाले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. एकाच मिस्सेत दोन स्त्रिया आपल्यासमोर येतात: एक निरपराध, दुसरी अपराधी. पहिली तपासामुळे वाचते, दुसरी क्षमेमुळे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सोमवारी वाचन करणारा महाविद्यालयीन तरुण मिस्सा संपल्यावर मला म्हणाला, “फादर, दानीएल म्हणजे जगातला पहिला डिटेक्टिव्हच की हो! पण आज हे काम कृत्रिम बुद्धिमत्ता एका क्षणात करील. दोघांचे जबाब घातले की विसंगती हजर!” मी त्याला “सावकाश बोलू” एवढेच म्हणालो. बाहेर एक मृत्युपत्र करून देण्यासाठी कोणी थांबले होते, मला घाई होती. हा लेख म्हणजे ते सावकाश बोलणे समजावे.

त्याच्या बोलण्याचा पूर्वार्ध नवा नव्हे. इंग्लंडमधील नामवंत रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स यांनी १९२८ साली रहस्यकथांचा एक मोठा संग्रह संपादित केला, तेव्हा त्यांनी दानीएलच्या दोन कथा त्यात घेतल्या होत्या. एक सुसान्नेची, दुसरी बेल दैवताची. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये हे दोन अध्याय सहसा नसतात, म्हणून बेलची कथा थोडक्यात सांगतो. बाबेलमध्ये बेल या दैवताची मूर्ती होती. तिच्यापुढे रोज पिठाच्या राशी, चाळीस मेंढरे आणि द्राक्षारस ठेवला जाई आणि सकाळी तो सारा फस्त झालेला असे. मूर्ती जिवंत आहे याचा राजाच्या दृष्टीने याहून मोठा पुरावा कोणता? दानीएल हसला. रात्री देवळाचे दार मोहरबंद करण्यापूर्वी त्याने गाभाऱ्याच्या जमिनीवर बारीक राख पसरून ठेवली. सकाळी दाराची मोहर जशीच्या तशी, नैवेद्य मात्र नाहीसा. आणि राखेवर पुरुषांची, बायकांची आणि मुलांची पावले. टेबलाखाली चोरदार होते. मूर्ती जेवत नव्हती, तिचे सत्तर पुजारी बायकामुलांसह जेवत होते.

ही राख आपण ध्यानात ठेवू या. निर्जीव वस्तूला बुद्धी आहे असे कोणी सांगू लागले की तिच्या आड कोणाची पावले उमटली आहेत ते पाहायचे, ही रीत गुप्तहेरकथेने पुढे अडीचशे-तीनशे पाने नव्हे, दीडशे-दोनशे वर्षे चालविली आहे.

आधुनिक गुप्तहेरकथेचा जनक म्हणून एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन लेखकाचे नाव घेतात. त्याची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ ही कथा १८४१ सालची. पण त्याआधी पाच वर्षे, १८३६ साली, पोने एक निबंध लिहिला होता आणि तो होता एका यंत्राविषयी. व्हिएन्नाच्या दरबारातील फोन केम्पेलेन नावाच्या कसबी माणसाने १७७० साली सम्राज्ञी मारिया तेरेसा हिच्यापुढे एक बाहुला सादर केला होता. डोक्याला फेटा, अंगात तुर्की पोशाख, पुढ्यात मोठी पेटी आणि पेटीवर बुद्धिबळाचा पट. पेटीची दारे एकामागून एक उघडून आतील चक्रे दाखविली जात, मग किल्ली फिरवली जाई आणि हा ‘तुर्क’ भल्याभल्यांना मात देई. केम्पेलेनच्या मृत्यूनंतर मेल्झेल नावाच्या माणसाने तो अमेरिकेत नेला. व्हर्जिनियातील रिचमंड येथे पोने तो खेळ पाहिला आणि घरी येऊन गुप्तहेराच्या पद्धतीने विचार मांडला. शुद्ध यंत्र असते तर ते प्रत्येक डाव जिंकले असते. हा कधी कधी हरतो. मेल्झेलबरोबर श्लुमबर्गर नावाचा एक सहायक असतो. खेळ चालू असताना तो कोठेच दिसत नाही. आणि तो आजारी पडला त्या काळात खेळ बंद होता. म्हणजे पेटीत माणूस आहे! पोचे कित्येक तपशील चुकले होते, त्याचा निष्कर्ष मात्र बरोबर होता. तो तुर्क १८५४ साली फिलाडेल्फियात आगीत जळून गेला.

यंत्रात दडलेला माणूस पकडून झाल्यावर त्याच लेखकाने जगाला पहिला गुप्तहेर दिला, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. त्यानंतरच्या पन्नाससाठ वर्षांत गंमत अशी झाली, की लोकांना यंत्रासारखा माणूस हवासा वाटू लागला. जेझुइटांच्या स्टोनीहर्स्ट शाळेत शिकलेल्या कॉनन डॉयलचा शेरलॉक होम्स १८९१ साली ‘स्ट्रँड’ मासिकात अवतरला, तेव्हा डॉ. वॉटसनने त्याचे वर्णन विचार आणि निरीक्षण करणारे यंत्र असेच केले. आणि ते स्तुती म्हणून! अमेरिकेत जॅक फुट्रेल याने १९०५ मध्ये प्राध्यापक व्हॅन ड्यूसन हा नायक निर्माण केला. त्याचे टोपणनावच मुळी ‘विचार करणारे यंत्र’. बिचारा फुट्रेल १९१२ साली ‘टायटॅनिक’बरोबर बुडाला. त्याच्या नायकाला न सुटलेले कोडे नव्हते, लेखकाला मात्र ती रात्र सुटली नाही.

या बुद्धिपूजेला पहिला विरोध केला तो एका बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, छत्री विसरणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूने. जी. के. चेस्टरटनच्या फादर ब्राऊनविषयी आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्याचे मूळ यॉर्कशरमधील फादर जॉन ओकॉनर. चेस्टरटनने आत्मचरित्रात एक हकीकत सांगितली आहे. फादर ओकॉनर यांच्याशी बोलताना मानवी दुष्टपणाची त्यांना असलेली माहिती पाहून तो थक्क झाला. नंतर त्याच घरी केंब्रिजचे दोन विद्यार्थी फादरांना भेटले आणि ते गेल्यावर म्हणू लागले, की असे मठात कोंडून राहिलेल्या भोळ्या माणसांना जगातील पापाची काय कल्पना! चेस्टरटनला हसू आवरेना. फादर ब्राऊनचा जन्म त्या हसण्यातून झाला. (आम्हा धर्मगुरूंना अशी केंब्रिजची मुले आजही अधूनमधून भेटतात. आम्हीही फार बोलत नाही.)

१९१४ साली निघालेल्या ‘द विज्डम ऑफ फादर ब्राऊन’ या संग्रहात ‘यंत्राची चूक’ अशा अर्थाच्या नावाची एक कथा आहे. माणूस आणि यंत्र यांच्या संयुक्त तपासाची ही अगदी आरंभीची कथा म्हणावी लागेल. फादर ब्राऊन शिकागोच्या तुरुंगात धर्मगुरू असतो. तेथील अधिकाऱ्याजवळ एक नवे यंत्र आहे. संशयितापुढे एकामागून एक शब्द उच्चारायचे आणि कोणत्या शब्दाला त्याची नाडी उसळते ते यंत्राने टिपायचे. एका फाटक्या कपड्यांतील माणसाला पकडून आणले आहे. एका लॉर्डचे नाव उच्चारताच त्याची नाडी थडथडते. अधिकारी आनंदित होतो: यानेच त्या लॉर्डचा खून केला! फादर ब्राऊन डोके खाजवतो. यंत्र खरेच बोलले आहे. पण नाडी का उसळली? तो फाटका माणूस स्वतःच तो लॉर्ड होता. आपले नाव कानी पडताच कोण दचकणार नाही? फादर ब्राऊनचे म्हणणे एवढेच, की यंत्र खोटे बोलत नसेल, परंतु यंत्र वाचणारेही एक यंत्रच असते आणि ते फार बेभरवशाचे. ते म्हणजे माणूस.

कथा म्हणून ही काही चेस्टरटनची सर्वोत्कृष्ट नव्हे, पण तिचे भाकीत खरे ठरले. १९२१ साली कॅलिफोर्नियात पोलिसांसाठी असत्यशोधक यंत्र तयार झाले आणि पाहता पाहता जगभर पसरले. आपल्या महाराष्ट्रात २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरी टिपणाऱ्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा सुनावली, तेव्हा परदेशांतील वृत्तपत्रांनीही त्याची दखल घेतली होती. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अशा चाचण्या कोणावरही त्याच्या संमतीविना लादता येणार नाहीत. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला माणसाला भाग पाडणे घटनेला मान्य नाही. फादर ब्राऊनने शिकागोच्या तुरुंगात डोके खाजवून जे म्हटले, ते आपल्या न्यायमूर्तींनी शहाण्णव वर्षांनी कायद्याच्या भाषेत म्हटले.

येथे मला स्वतःचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या पूर्वीच्या एका धर्मग्रामात दानपेटीतील पैसे नाहीसे झाले. चर्चमध्ये नुकताच कॅमेरा बसविला होता. चित्रण पाहिले तर मधल्या वेळी एक वेदीसेवक मुलगा पेटीजवळ वाकलेला दिसला. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उमटलेली होती. मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. आवाज चढविला नाही; पण जे बोललो ते पुरेसे होते. आठवड्याने कळले, की वीज गेल्यापासून कॅमेऱ्याचे घड्याळ काही तास मागे पडले होते. मुलगा वाकला होता तो पडलेली मेणबत्ती उचलायला, आणि तेही पेटी रिकामी झाल्यानंतर. मी त्यांच्या घरी क्षमा मागायला गेलो. त्याच्या आईने चहा केला, वडील अदबीने बोलले. मुलगा दारात उभा होता. तो पुन्हा वेदीवर सेवा करायला आला नाही. कॅमेरा निर्दोष होता. राखेवरची पावले माझी होती.

असो. चेस्टरटननंतर आणखी एका धर्मगुरूचे नाव या इतिहासात घ्यावे लागते. मॉन्सिन्योर रोनाल्ड नॉक्स हे अँग्लिकन बिशपांचे चिरंजीव. १९१७ साली कॅथलिक झाले आणि पुढे त्यांनी एकट्याने संपूर्ण बायबलचे इंग्रजीत भाषांतर केले. फावल्या वेळात ते रहस्यकथा लिहीत. १९२९ साली त्यांनी रहस्यकथाकारांसाठी दहा आज्ञा सांगितल्या. त्यांत एक अशी, की आजवर न लागलेले विष किंवा शेवटी लांबलचक शास्त्रीय स्पष्टीकरण द्यावे लागेल असे उपकरण कथेत वापरू नये. कारण साधे आहे. वाचकाला गुप्तहेराइतकीच संधी मिळाली पाहिजे. लेखकाने शेवटच्या पानावर खिशातून अजब यंत्र काढले तर तो डाव नव्हे, फसवणूक.

हाच आक्षेप पुढे अमेरिकेत दुसऱ्या बाजूने आला. विज्ञानकथांचे प्रभावी संपादक जॉन कॅम्पबेल यांचे मत होते, की विज्ञानकथा आणि रहस्यकथा यांचे लग्न लागणेच शक्य नाही. भविष्यकाळातील गुप्तहेर कधीही एखादे नवे यंत्र काढून कोडे सोडवील. हे आव्हान ज्याने स्वीकारले तो आयझॅक आसिमोव्ह. १९२० साली रशियात एका ज्यू कुटुंबात जन्मलेला, तीन वर्षांचा असताना अमेरिकेत आलेला, ब्रुकलिनमध्ये वडिलांच्या खाऊच्या दुकानात मासिके वाचत वाढलेला हा मुलगा पुढे बोस्टन विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवू लागला. ‘रोबो’ हा शब्द त्याच्या आधीचा, चेक नाटककार कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकातील; चापेकचे यंत्रमानव मालकांवर उलटतात. आसिमोव्हला हे पटेना. मनुष्य सुरीला मूठ लावतो, तसे यंत्रमानवालाही बंधन घालील असे तो म्हणे. १९४२ साली त्याने यंत्रमानवांचे तीन नियम सांगितले. माणसाला इजा करायची नाही आणि इजा होऊही द्यायची नाही. त्या मर्यादेत माणसाची आज्ञा पाळायची. आणि या दोहोंच्या मर्यादेत स्वतःला जपायचे. 

‘गॅलक्सी’ मासिकाचे संपादक होरेस गोल्ड यांनी त्याला एक विषय सुचविला: यंत्रमानव माणसांच्या नोकऱ्या घेत आहेत असे दाटीवाटीचे जग. आसिमोव्हला तो विषय फार उदास वाटला. मग त्यात खून घाल, गोल्ड म्हणाले. गुप्तहेराला यंत्रमानव जोडीदार दे, आणि गुप्तहेर हरला तर त्याची जागा तो जोडीदार घेईल अशी भीती ठेव. त्यातून ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ ही कादंबरी झाली. १९५३ च्या अखेरच्या तीन महिन्यांत ती ‘गॅलक्सी’त क्रमशः आली आणि १९५४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. माणूस आणि कृत्रिम बुद्धी यांच्या जोडीने केलेल्या तपासाची परंपरा खऱ्या अर्थाने येथून सुरू होते.

हजारो वर्षांनंतरचे न्यूयॉर्क. सारे शहर पोलादी छपराखाली. उघडे आकाश पाहण्याचीही माणसांना धास्ती. शहराबाहेर दुसऱ्या ग्रहांवरून आलेल्या श्रीमंत, दीर्घायुषी ‘अंतराळवासीयां’ची वसाहत. तेथील एका शास्त्रज्ञाचा खून होतो. पोलीस आयुक्त एन्डरबी हे काम लायजे बेलीला देतात आणि जोडीदार म्हणून मृत शास्त्रज्ञानेच आपल्या चेहऱ्यामोहऱ्याचा घडविलेला यंत्रमानव देतात: आर. डॅनील ऑलिव्हॉ. ‘आर.’ म्हणजे रोबो. बेलीच्या कचेरीतील निरोप्या पोऱ्याची नोकरी आधीच एका यंत्रमानवाने घेतलेली आहे. बेलीचा बाप असाच पद गमावून खचलेला होता; पाण्याचा नळ आणि बसायची जागासुद्धा जिथे पदाप्रमाणे मिळते, अशा शहरात पद जाणे म्हणजे काय ते बेलीला लहानपणापासून ठाऊक आहे. आज आपल्या घराघरांत मुलांच्या नोकऱ्यांविषयी जी बोलणी चालतात, ती या कादंबरीत सत्तर वर्षांपूर्वी भेटतात.

बेलीचे पूर्ण नाव एलिजा, म्हणजे आपला एलीया संदेष्टा. त्याच्या बायकोचे नाव जेझिबेल, म्हणजे अहाब राजाची ईजबेल! राजांच्या ग्रंथात जन्माचे वैरी असलेले हे दोघे आसिमोव्हने एका छपराखाली नांदविले आहेत. बायकोला आपल्या त्या दुष्ट राणीच्या नावाचा गुपचूप अभिमान असतो. एकदा बेली भांडणाच्या भरात तिला सांगतो, की बायबलमधील ईजबेल तिच्या परीने एकनिष्ठ बायकोच होती, आणि बिचारीचे ते एकुलते एक बंडही संपते. आसिमोव्ह स्वतः निरीश्वरवादी होता, तरी बायबल त्याने कसून वाचले होते. पुढे १९६८-६९ मध्ये त्याने बायबलवर दोन खंडांची वाचकमार्गदर्शिकाही लिहिली. म्हणून जोडीदाराचे ‘डॅनील’ हे नाव वाचताना माझ्यासारख्याच्या मनात सुसान्नेचा दानीएल उभा राहतो. लेखकाच्या मनात तो होता की नाही, हे सांगण्याचा मला अधिकार नाही.

कादंबरीच्या पूर्वार्धात बेली एक झेप घेतो. तो सर्वांसमक्ष जाहीर करतो, की खून झालेलाच नाही. हा डॅनील यंत्र नव्हे, हाच तो मेलेला म्हणून सांगितलेला शास्त्रज्ञ. पोने तुर्काविषयी जो तर्क केला तोच हा: आत माणूस आहे! डॅनील शांतपणे बाही सारतो, हाताची कातडी उकलते आणि आत धातू दिसतो. बेलीची फजिती होते. एकशेअठरा वर्षांत काळ कसा उलटला पाहा. पेटी उघडली तर या वेळी आत खरोखरच कोणी नव्हते.

मग माणसाचा शोध कोठे घ्यायचा? खुनी सापडतो तो असा. स्वतः आयुक्त एन्डरबी जुन्या काळाचे वेडे. यंत्रमानवांचा त्यांना तिरस्कार. ते डॅनीलला नष्ट करायला गेले होते. घाबरलेल्या अवस्थेत त्यांचा चष्मा फुटला, समोरचा चेहरा अंधूक दिसला आणि यंत्र समजून त्यांनी माणूस मारला. यंत्राचा द्वेष करता करता माणसाचा घात! (शेवट सांगितल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी, त्यावाचून पुढचे सांगता येत नाही.) नॉक्स यांच्या आज्ञेचे पालनही येथे तंतोतंत झाले आहे. भविष्यकाळातील सारी यंत्रे लेखक आधीच समजावून देतो, आणि कोडे सुटते ते फुटलेल्या चष्म्याच्या काचांवर.

दुसऱ्या कादंबरीत, १९५७ च्या ‘द नेकेड सन’मध्ये, बेली आणि डॅनील सोलॅरिया ग्रहावर जातात. वीस हजार माणसे आणि वीस कोटी यंत्रमानव. माणसे एकमेकांना पडद्यावरच भेटतात. प्रत्यक्ष समोर येणे त्यांना किळसवाणे वाटते. ज्यांनी २०२० सालच्या टाळेबंदीत पडद्यावरून मिस्सा पाहिली आहे, त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे. तेथे खुनात यंत्रमानवांचाच वापर झालेला असतो. ज्याला इजा करण्याची बंदी आहे त्याच्याकडून ती करवून घ्यायची कशी? काम तुकड्यांत वाटायचे. एक जण पाण्यात काही मिसळतो, दुसरा ते पाणी नेऊन देतो. आपण काय करतो आहोत हे दोघांनाही ठाऊक नाही. पहिल्या नियमात ‘जाणूनबुजून’ हा शब्द अध्याहृत आहे हे बेलीच्या ध्यानात येते. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हाला पापाच्या तीन अटी शिकविल्या होत्या: गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि मुक्त संमती. त्यांतील दुसरी अट इतक्या चोख रीतीने कोणी कथेत गुंफलेली मी पाहिली नाही.

बेली-डॅनील पुढे १९८३ च्या ‘द रोबोट्स ऑफ डॉन’मध्ये पुन्हा भेटतात, ती कादंबरी लांबली आहे. इतरांनीही ही जोडी उचलली. आल्फ्रेड बेस्टरच्या १९५३ सालच्या ‘द डिमॉलिश्ड मॅन’मध्ये खटला उभा राहील की नाही हे सरकारी यंत्रगणक ठरवतो आणि हेतू सिद्ध नसल्यास तो फेटाळतो. १९८७ च्या ‘रोबोकॉप’ चित्रपटात मारल्या गेलेल्या पोलिसाला यंत्रात बसवितात; तुर्काची पेटी पुन्हा एकदा, पण आतल्या माणसाला आपण कोण हेच आठवत नाही. २०१३ साली दूरचित्रवाणीवर ‘ऑलमोस्ट ह्यूमन’ ही मालिका आली, तेरा भागांत आटोपली.

‘रोबोकॉप’ घडतो डेट्रॉइट शहरात. त्याच शहराच्या पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये एका गृहस्थाला त्याच्या घरासमोर, बायको आणि लहान मुलींच्या देखत बेड्या घातल्या. दुकानातून घड्याळे चोरल्याचा आरोप. चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेने कॅमेऱ्यातील अस्पष्ट चित्राशी त्याचे जुने छायाचित्र जुळविले होते. चौकशीत त्याने ते चित्र आपल्या चेहऱ्याशेजारी धरले आणि हा मी नव्हे हे दाखवून दिले. तरीही त्याला जवळजवळ तीस तास कोठडीत राहावे लागले. तो कृष्णवर्णीय होता. दानीएलने विचारला तसा एक साधा प्रश्न, त्या दिवशी तू कुठे होतास, त्याला अटकेपूर्वी कोणी विचारलाच नव्हता.

जून २०२४ मध्ये इटलीत सात राष्ट्रांच्या प्रमुखांपुढे बोलताना पोप फ्रान्सिस यांनी नेमके हेच क्षेत्र निवडले. कैद्याला घरी नजरकैदेत पाठवावे की नाही हे ठरविण्यासाठी न्यायाधीश काही देशांत संगणकीय प्रणालीची मदत घेतात. ती गुन्ह्याचा प्रकार, तुरुंगातील वर्तणूक, मानसशास्त्रीय अहवाल अशी माहिती पाहते. पोप महोदयांचा मुद्दा असा होता, की माणूस सतत घडत असतो, आपल्या कृतीने तो आपल्याला चकित करू शकतो, आणि यंत्राला याचा हिशेब करता येत नाही. पापनिवेदन ऐकायला बसणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूला हे समजावून सांगावे लागणार नाही. तीस वर्षे तेच पाप सांगणारा माणूस एकतिसाव्या वर्षी ते सांगत नाही, तेव्हा जाळीच्या अलीकडे काय वाटते हे आम्हीच जाणतो.

ब्रिटिश लेखिका जो कॅलाहन यांची ‘इन द ब्लिंक ऑफ अ‍ॅन आय’ ही कादंबरी २०२३ मध्ये आली आणि २०२४ साली तिला ब्रिटनमधील वर्षाच्या सर्वोत्तम गुन्हेगारी कादंबरीचा थिक्स्टन पुरस्कार मिळाला. कॅट फ्रँक ही वैधव्य आलेली, एका तरुण मुलाची आई असलेली पोलीस अधिकारी. हरवलेल्या माणसांच्या जुन्या प्रकरणांसाठी तिला लॉक नावाची कृत्रिम बुद्धी जोडीला मिळते; हवेत उमटणारी एक मानवी प्रतिमा. ती अनुभवाने बोलते, तो आकड्यांनी. आसिमोव्हच्या डॅनीलला निदान हात होते. लॉकला पाण्याचा पेलाही उचलता येत नाही. बेली घाबरत होता तो नोकरी जाण्याला. कॅटची भीती वेगळी आहे: हरवलेल्या मुलाच्या आईशी कसे बोलायचे, हे शिकविण्यासारखे आहे का?

डॅनीलची गोष्ट मी अर्धवट सोडली आहे. कादंबरीत एके ठिकाणी बेली त्याला विचारतो, न्याय म्हणजे काय. डॅनीलचे उत्तर तयार असते: सर्व कायद्यांची अंमलबजावणी होते तेव्हा न्याय असतो. अन्याय्य कायदा ही कल्पनाच त्याला उमगत नाही. त्या दोन म्हाताऱ्या न्यायाधीशांनाही ती उमगली नसती. पुढे एका संथ प्रसंगी बेली त्याला बायबलमधील एक कथा सांगतो. कोणती ते वाचकांनी ओळखले असेल. त्या सोमवारचे शुभवर्तमान. डॅनील ऐकून घेतो. त्या स्त्रीने कायदा मोडला होता, पुरावाही होता. मग शिक्षा का नाही, हे त्याच्या हिशेबात बसत नाही. बेलीलाही नीट समजावून देता येत नाही. तो एवढेच म्हणतो, की कायद्याच्या वर काही आहे असे माणसाला कधी कधी वाटते.

शेवटच्या पानावर एन्डरबी कोसळून बसलेला असतो. गुन्हा उघड झाला आहे, पुरावा डॅनीलच्या हाती आहे. अंतराळवासीयांना आता खटला नको असतो, बेली तडजोड सुचवितो. मग डॅनील बोलू लागतो, आणि त्याला ते जड जाते. यंत्र प्रथमच अडखळते. दुष्टाचा नाश करण्यापेक्षा त्याला चांगुलपणाकडे वळविणे अधिक न्यायाचे, असे आपल्याला अलीकडे वाटू लागल्याचे तो सांगतो. आणि मग तो त्या खुनी माणसाला तेच सांगतो, जे प्रभूने त्या स्त्रीला निरोप देताना सांगितले होते.

एवढे बोलून तो बेलीबरोबर, हातात हात घालून, दाराबाहेर पडतो.